टोन द्या

सांगलीचं माझं ऑफिस म्हणजे मार्केट यार्डाजवळचा एक गाळा. दोन टेबलं, एक कपाट आणि फॅक्सचं मशीन. फॅक्स म्हटलं की हल्ली लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी दारात टांगा बांधून ठेवलाय. पण आमच्या ट्रान्सपोर्टचं दुसरं ऑफिस साताऱ्याला, तिथे माझा थोरला भाऊ बसायचा, आणि आम्हा दोघांत व्हॉट्सॲप चालत नव्हतं. मोबाइल चालत नव्हता. बोलणंच चालत नव्हतं.

आई गेली तेव्हा मी कोयनानगरच्या घाटात बंद पडलेल्या ट्रकपाशी होतो. पोचलो तोवर चिता पेटलेली होती. दादा म्हणाला, "तुजा फोन लागत न्हवता रं." मी चारचौघांत म्हणालो, "तू लावलाच नसशील." त्यानंतर तो गप्प झाला आणि मीही. घाटात रेंज नसते हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण राग आला की मला माहीत असलेलंही आठवत नाही, आणि दादाला एकदा लागलं की तो स्वतःहून तोंड उघडत नाही. एकाच आईची लेकरं आम्ही.

धंदा मात्र एकत्रच राहिला. सकाळी मी सांगलीहून गाडीत भरलेल्या मालाची यादी फॅक्सने पाठवायची, संध्याकाळी त्याने साताऱ्याहून सही केलेली पोच. मशीन ऑटोवर ठेवायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. फोन लावायचा, समोरच्याने उचलला की म्हणायचं, "टोन द्या." तो म्हणतो, "देतो," बटण दाबतो, शिट्टी वाजते आणि कागद सरकायला लागतो. अख्ख्या बाजारात हीच रीत होती. आमचं सख्ख्या भावांचं संभाषण तेवढंच उरलं होतं. जन्मभर मला 'ये रं, जा रं' करणारा माणूस बँकेतल्या कारकुनाशी बोलावं तसं 'द्या' म्हणायचा, आणि मीही पुढे 'दादा' न लावता नुसतं 'देतो' म्हणायचो. तरी त्या एका वाक्यावरून त्याला सर्दी झालीय, त्याची झोप झालेली नाही, हे मला कळायचं. मी त्या फोनची वाट बघायचो. बायकोला हे कधी सांगितलं नाही, तिने मला वेड्यात काढलं असतं.

मग आमच्या भागातली तांब्याची लाइन बंद झाली आणि इंटरनेटवरचा फोन आला. नंबर तोच, भिंतीवर एक पांढरा डबा नवा. आवाज असा स्वच्छ की समोरचा चहा पितोय तेही ऐकू यावं. पण फॅक्स अर्ध्यात तुटायला लागला. डबा बसवणारा म्हणाला, "साहेब, फॅक्स वापरतं कोण आता?" आणि गेला. त्याला काय सांगणार?

मीच खटपटीला लागलो. हळूहळू उमगलं ते असं: हा फोन आवाज दाबून, बारीक तुकडे करून पाठवतो. मधला एखादा तुकडा हरवला तर माणसाच्या कानाला पत्ता लागत नाही, फॅक्सच्या शिट्टीला मात्र ते सोसत नाही. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते दाबणं बंद करायचं, मशीनचा वेग कमी करायचा, मग पुन्हा कागद पाठवून बघायचा. आणि बघायचं म्हणजे दादाला फोन करायचा.

"आला का?"

"अर्धाच आलाय."

"परत टोन द्या."

दुसऱ्या दिवशी, "खालची ओळ न्हाई आली. परत दे." 'द्या'चं 'दे' कधी झालं ते त्यालाही कळलं नसावं. एकदा सहा-सात वेळा कागद अडकला तेव्हा तो हसला. मला फोनवर त्याचं हसू ऐकू आलं. "गड्या, ह्या डब्यापेक्षा आपली एसटी बरी. कंडक्टरच्या हातात कागद दिला आसता तर आतापतूर पोचला आसता." मी पण हसलो. मग त्याने विचारलं, "जेवलास का?"

मी म्हणालो, "व्हय." एवढंच म्हणालो. उरलेलं उद्या बोलू, असं वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी सेटिंग जमलं. पान सरळ, स्वच्छ, सहीसकट आलं. मला केवढा आनंद! त्या भरात मी मशीन ऑटोवर टाकलं. एका रिंगमध्ये आपोआप उचलेल, माणसाची गरज नाही. दादालाही यादीच्या खाली लिहून कळवलं, तुमचंही ऑटोवर ठेवा. त्याने ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून याद्या जात राहिल्या, पोचा येत राहिल्या, एकही पान चुकलं नाही. आणि फोन कुणी उचलेना.

चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मग राग यायचा. त्याच्याकडे मोबाइल नव्हता का? एकदा तरी फोन करायचा होता. माझ्याकडेही होता, पण पहिला मी का?

पावसाळा संपता संपता वहिनींचा फोन आला. दादा ऑफिसातच छातीला हात लावून खाली बसला होता, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. या वेळी माझा फोन लागला. या वेळी मी वेळेत पोचलो, खांदा दिला, सगळं केलं. बोलायला तेवढा तो नव्हता.

दिवस झाल्यावर वहिनींबरोबर ऑफिस आवरायला गेलो. फॅक्सची तार काढायला लागलो तर त्या म्हणाल्या, "आवं भाऊजी, त्याला लय जीव लावायचे हे. कागद आपला आपला जातोय, तरी दर संध्याकाळी रिसीव्हर कानाला लावायचे. म्हनायचे, आज त्यानं उचलला तर उचलला."

त्या आत गेल्या. मी तार परत जोडली, त्याच्या खुर्चीत बसलो, रिसीव्हर कानाला लावला आणि माझ्याच ऑफिसचा नंबर फिरवला. सांगलीत एक रिंग वाजली, फोन उचलला गेला.

"दादा," मी म्हणालो.

पलीकडून माझ्या मशीनने शिट्टी घातली.