दसऱ्यानंतरचा पत्ता

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात माझी बदली उत्तरेतल्या एका तळावरच्या स्क्वाड्रनमध्ये झाली. विमानं कॅनबेरा, बॉम्बर. मी आर्मामेंट फिटर, हुद्दा कॉर्पोरल. विमानाच्या पोटात बॉम्ब चढवायचे, त्यांच्या सेफ्टी पिना तपासायच्या, सही करायची, एवढं माझं काम. तळाचं नाव लिहीत नाही. विचारणारं आता कुणी नाही, पण सवय गेलेली नाही.

आमच्या शिरूर कासारच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला मला बोलावतात. हेडमास्तर हळूच सांगतात, "तांदळे साहेब, मुलांना स्फूर्ती मिळेल असं बोला." मी दहा मिनिटं बोलतो, टाळ्या होतात, आणि घरी येऊन मी चरफडत बसतो. कारण जे सांगायला हवं ते सांगितलेलं नसतं. ते इथं लिहितो.

तळावर पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी विमानाखाली वाकून काम करत होतो. मागून आवाज आला, "पाऊस झालता का रं तिकडं?"

मी दचकून उठलो आणि डोकं बॉम्ब-बेच्या दाराला आपटलं. समोर एक ऑफिसर. फ्लाइंग ऑफिसर रंगनाथ गर्जे, नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाची वाट ठरवणारे. वय चोवीस. आमच्याच बीड जिल्ह्याचे, गेवराई तालुक्यात चकलांब्याजवळच्या एका वस्तीवरचे. नव्या माणसांच्या यादीत त्यांनी माझं गाव वाचलं होतं.

"न्हाई झाला, सर," मी कपाळ चोळत म्हणालो.

"वाटलंच मला," ते म्हणाले आणि विमानाला फेरी मारायला निघून गेले.

ऑफिसर आणि कॉर्पोरल यांनी मिसळायचं नसतं. पण विमानाखाली पाच-दहा मिनिटं मिळत. तेवढ्यात जे कळलं ते असं. वडील भानुदास, आई कौसाबाई. जमीन चार एकर, त्यात तीन एकर खडक. दसरा झाला की दोघं घराला कुलूप घालत, बैलगाडी जुंपत आणि नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यावर ऊस तोडायला जात. उन्हं तापली की परत येत. रंगनाथ सात वर्षांचा असल्यापासून हेच. शाळा बुडू नये म्हणून ते त्याला मामाकडे ठेवून जात. पुढे बीडचं वसतिगृह, मग औरंगाबादचं कॉलेज, मग हवाई दल. अर्धं वर्ष आईबाप नसलेलं पोर ऑफिसर झालं. वस्तीवर कुणाचा विश्वास बसला नव्हता. आईनं त्यांना युनिफॉर्ममध्ये एकदाच पाहिलं होतं.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. एक आजारी पडला तर दुसऱ्याची हजेरी नाही. कॅनबेरातही दोघंच, पायलट आणि नॅव्हिगेटर. त्यांचे पायलट केरळचे एक फ्लाइट लेफ्टनंट होते. गर्जे सर त्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणायचे, "आमी दोघं एक कोयता." पायलट साहेबांना त्यातलं काही कळायचं नाही, तरी ते हसायचे.

लढाईचा तिसरा दिवस. १६:३० ला आम्ही लोडिंग पुरं केलं. १७:४० ला दोघं आले. गर्जे सरांनी पिना मोजून घेतल्या, नेहमीसारख्या.

"तांदळे, सगळं बराबर?"

"बराबर, सर."

१८:०५ ला टेक-ऑफ. चार विमानं गेली. परतीची वेळ २०:२०. आमच्या ट्रकमध्ये एक आर.टी. सेट होता, त्यावर टॉवरचं बोलणं ऐकू येई. २०:२६ पर्यंत तीन उतरली. गर्जे सरांचं, डेल्टा फोर, राहिलं होतं.

"डेल्टा फोर, टॉवर. पोझिशन?"

खरखर.

"डेल्टा फोर, डेल्टा फोर, हाऊ डू यू रीड?"

२०:५५ ला त्यांचं इंधन संपायला हवं होतं. आम्ही २१:३० पर्यंत थांबलो. मग फ्लाइट सार्जंट म्हणाला, "ट्रॉली आत घ्या." आम्ही ट्रॉली आत घेतली. दुसऱ्या विमानाच्या क्रूनं टार्गेटवर आकाशातच एक भडका पाहिला होता. त्याहून जास्त माहिती तेव्हाही मिळाली नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी ०९:१५ ला स्क्वाड्रनचं कागदोपत्री काम बघणाऱ्या अॅड्जुटंट साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे गर्जे सरांचा फॉर्म होता.

"तू बीडचा ना? टेलिग्राम पाठवायचा आहे. हा पत्ता बघ. बरोबर आहे?"

मी वाचला. वस्तीचं नाव, पोस्ट चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड.

"बरोबर, सर."

या दोन शब्दांचा मला आजही संताप येतो. पत्ता बरोबर होता. पण डिसेंबर होता. डिसेंबरात त्या पत्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि हे अख्ख्या तळावर एकट्या मला माहीत असायला हवं होतं. माझा सख्खा भाऊ त्याच वेळी टोळीत ऊस तोडत होता.

लढाई थांबली. त्यानंतर दोन दिवसांनी मी भावाला खुशालीचं कार्ड लिहायला बसलो. पत्त्यात सवयीनं लिहिलं, अमुक मुकादमाची टोळी, अमुक कारखाना. आणि हात थांबला. तसाच उठून अॅड्जुटंट साहेबांकडे गेलो.

"सर, गर्जे सरांचा पत्ता चुकला."

"तूच बरोबर म्हणालास."

"पत्ता बरोबर आहे, सर. तिथं कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे? घर आहे की नाही?"

मी ऊसतोडीचं समजावून सांगितलं. त्यांना ते पटेना. माणसाला एक तर पत्ता असतो किंवा नसतो, सहा महिन्यांचा पत्ता ही काय भानगड, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला पंधरा दिवसांची रजा दिली आणि सी.ओ., म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांचं, आई-वडिलांसाठीचं पत्र माझ्या हाती दिलं.

आधी वस्तीवर गेलो. दाराला कुलूप. पोस्टमन भेटला. म्हणाला, तार आलती, तीन खेपा मारल्या, घर बंद. इंग्रजी तार, ठेवून कशी घ्यायची, म्हणून सोसायटीच्या चेअरमनकडं नेऊन दिली.

चेअरमन बड्या बागायतदाराच्या घरचे. गावातलं सगळं त्यांच्या ओसरीवरून चाले. त्यांनी तार फोडली होती, मुलाकडून वाचून घेतली होती, लाऊडस्पीकर लावून शोकसभा घेतली होती. भाषणं झाली. वस्तीजवळ सरकारी पाझर तलाव व्हायचा होता, त्याला रंगनाथचं नाव द्यायचा ठरावही झाला होता. चहा पाजत त्यांनी हे मला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"आणि आई-वडिलांना कुणी सांगितलं?" मी विचारलं.

चेअरमननी बशी खाली ठेवली. "त्ये कारखान्यावर हायेत."

"ते माहीत आहे. निरोप धाडला का?"

"असली खबर घेऊन कोण जाणार हो? मिलिटरीचा माणूस, मिलिटरीनंच कळवायला पायजे. आमी कावून मधी पडावं?"

म्हणजे सगळ्या पंचक्रोशीला कळलं होतं, त्या दोघांना सोडून. मी चहा अर्धाच ठेवून उठलो. त्यांच्यावर ओरडावं असं फार वाटलं, पण कोणत्या तोंडानं ओरडणार? पत्ता बरोबर म्हणून सांगणारा मीच होतो.

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात क्लार्कनं वही उघडली.

"टोळी कुणाची?"

पोस्टमननं मुकादमाचं नाव सांगितलं होतं, ते मी दिलं. "भानुदास गर्जे त्या टोळीत आहेत."

"मजुरांची नावं आम्ही ठेवत नाही. कोयते ठेवतो. या टोळीत अठरा कोयते आहेत."

"टोळी आहे कुठं?"

"काल इथं होती. आज पुढच्या गटात गेली असंल."

पुढच्या गटात गेलो, टोळी त्याच्याही पुढे गेलेली. असे तीन दिवस भाड्याच्या सायकलवर काढले. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फड सापडला. वाईट बातमी न्यायची तर नीट कपड्यात न्यावी म्हणून मी कडक इस्त्रीचा निळा युनिफॉर्म चढवला होता. ही माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी.

डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई बांधावर थांबली. तिनं हाताचा आडोसा करून पाहिलं. मोळी खाली टाकली आणि ओरडली, "रंगा आला! अवं, रंगा आला!"

ती धावत सुटली. फडातली माणसं कोयते ठेवून उभी राहिली, हसायला लागली. मला पळून जावंसं वाटलं. वीस पावलांवर तिला माझा चेहरा दिसला आणि ती थांबली.

"तू कोण, बाबा?"

"मी तांदळे. शिरूरचा. साहेबांच्या स्क्वाड्रनमधला."

"मंग त्यो कावून न्हाई आला?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो. वाटभर वाक्य पाठ केलं होतं, ते विसरलो. म्हणालो, "आई, त्यांचं विमान परत आलं नाही."

भानुदास कोयता हातात घेऊनच आले. मग त्यांनी विचारलं, "कवा?"

मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मागं मोजलं. "त्या दिशी आमी नदीकाठच्या गटात हुतो. लई चांगला ऊस हुता. ही दिवसभर गाणी म्हणत हुती."

मी मान खाली घातली.

"संगं कोण हुतं त्याच्या?"

"पायलट होते. दोघंच असतात."

"म्हंजी एक कोयता," ते म्हणाले. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

"सापडला का पर त्यो?" कौसाबाईंनी विचारलं.

"नाही सापडले."

"मंग गेला असं कावून म्हनता?"

मी खिशातलं सी.ओ. साहेबांचं पत्र काढून भानुदासांच्या हाती दिलं. मुकादम लांबून सांगत होता की आज राहू द्या, गाडी दुसरे भरतील. पण दोघांनी ती गाडी भरली. मी युनिफॉर्मची बाही दुमडून मोळ्या उचलू लागलो. निघताना कौसाबाईंनी मला थांबवलं.

"तुमच्या हापिसाला आमचा पत्त्या कळवून ठिवा. दसऱ्यानंतरचा बी. मागल्या बारीला चुकला तुमच्याकडनं."

"चुकला, आई."

तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी रजा काढू लागलो. कारखान्यावर निघण्याआधी कौसाबाई आमच्याकडच्या नारायणगडाला दर्शनाला येई. तिथं पायऱ्यांवर बसून मी रेकॉर्ड ऑफिसला कार्ड लिही. सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव आणि आई-वडिलांचा पुढल्या सहा महिन्यांचा मुक्काम. ऑफिसनं गर्जे सरांना केव्हाच मृत घोषित केलं होतं. फाइल बंद झाली असून पत्ता कळवण्याची गरज नाही, असं उत्तर येई. ते उत्तरही डिसेंबरात, वस्तीवरच्या बंद घरी. सरकारी माणसांपुढे डोकं फोडून घ्यावं तर ते कुठल्या भिंतीवर, तेही कळत नसे.

पहिलंच कार्ड बहात्तरच्या दुष्काळातलं. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून दोघं दसऱ्यानंतर घरीच होती. रंगनाथच्या नावाच्या तलावावर दुष्काळी काम निघालं होतं, तिथं ती दोघं माती वाहत. वर पाटी लागली होती. "शहीद वैमानिक" असं लिहून खाली चेअरमनचं नाव, दुप्पट मोठ्या अक्षरात.

"ते नॅव्हिगेटर होते," मी चेअरमनना म्हणालो.

"लोकांला काय कळतंय त्यातलं?"

पाटीच्या कार्यक्रमाला मांडव घातला होता, तिथं शाल-नारळ घ्यायला कौसाबाईंना बोलावणं आलं. ती घमेलं घेऊन रांगेतच राहिली. म्हणाली, "जाऊन आले तर खाडा धरत्यात." त्या वर्षीच्या कार्डावर मी लिहिलं, यंदा तुमच्याकडचा पत्ता बरोबर आहे.

बरीच वर्षं गेली. मी सार्जंट झालो. आमच्या भागातला कुणी नवा पोरगा भरती होऊन आला की मी त्याच्या फॉर्मवर पत्त्याखाली दुसरा पत्ता लिहून घेई. क्लार्क कुरकुरत, फॉर्मात जागा नाही म्हणत. मी समासात लिहायला लावी.

मग एका पावसाळ्यात भानुदास गेले. त्या दसऱ्याला कौसाबाई नारायणगडावर एकटीच आली. मी पायरीवर बसलो, कार्ड काढलं, सर्व्हिस नंबर लिहिला, फ्लाइंग ऑफिसर रंगनाथ भानुदास गर्जे असं लिहिलं आणि पेन धरून थांबलो.

"कुठला कारखाना लिहू, आई?"

"आता कुठला कारखाना? एकटीचा कोयता हुत न्हाई," ती म्हणाली. "लिवा, म्या घरीच हाय. बारा म्हयने. कवा बी येऊ दे म्हनावं."

तसंच लिहिलं. त्या कार्डाला उत्तर आलं नाही. ती त्यानंतर सात वर्षं जगली, आणि ती होती तोवर त्या घराला कधी कुलूप लागलं नाही.