चपलांच्या रांगेतली चम्नियन

आमच्या तालुका रुग्णालयात पहाटे पेशंट नसतात, चपला असतात. व्हरांड्यातल्या सिमेंटवर, नोंदणीच्या खिडकीपासून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत एकामागे एक. रबरी, प्लास्टिकच्या, अंगठा तुटून तारेने बांधलेल्या. चप्पल रांगेत ठेवायची आणि आपण अनवाणी बाकावर जाऊन पेंगायचं, ही पद्धत कोणी सुरू केली ते मला ठाऊक नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ती होती आणि तिच्यावर देखरेख करायला चम्नियनही होती.

तिची नेमणूक झाडलोटीची. निळा गणवेश, कमरेला फडकं, साडेचारला ड्युटी. सगळे तिला 'पा' म्हणत, म्हणजे मावशी. संचालक डॉक्टरसुद्धा पा म्हणत. पण चपलांच्या बाबतीत ती मावशी नव्हती, फौजदार होती. तिचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते आणि कोणी मोडतही नव्हतं. एका माणसाला एक जोड. शेजारणीसाठी चप्पल ठेवायची नाही. हेल्मेट चालणार नाही, कारण हेल्मेटवाला कुठे तरी फिरायला जातो. एकदा एका गृहस्थांनी एकच चप्पल ठेवून दुसरी पायात ठेवली, तर ती म्हणाली, "अर्धा नंबर मिळेल. अर्ध्या औषधात भागतंय का बघा."

मी सुरांग, खिडकी नंबर दोनवरची नर्स. एकवीस वर्षं त्या काचेमागे बसून नंबराचे कागद फाडून देत होते. माझा स्वभाव फारसा गोड नाही हे मला माहीत आहे, ते लोकांनी वेगळं सांगायची गरज नाही.

तर एका वर्षी आमच्याकडे क्रातै आली. कागदोपत्री पिमोन्रत, पण घरचं नाव क्रातै, म्हणजे ससा, आणि होतीही तशीच. कान टवकारलेले, सारखी इकडून तिकडे. गुणवत्ता विभागात नवीन नेमणूक, अंगात उत्साह मावेना. रोजच्या कामातून संशोधन करायचं आणि प्रांताच्या स्पर्धेत मांडायचं, असं वरून फर्मान होतं. तिने विषय घेतला: बाह्यरुग्ण विभागातला प्रतीक्षेचा वेळ आणि रुग्णांचं समाधान.

तीन महिने ती हातात घड्याळ आणि कागद लावलेली फळी घेऊन फिरत होती. माझ्या खिडकीतून कागद निघाला की वेळ टिपायची, डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं की पुन्हा टिपायची. मग पेशंट बाहेर आला की समाधानाचा फॉर्म. एक ते पाच गुण.

फॉर्म भरायचा प्रसंग मी काचेतून बघायची. फुकटची करमणूक होती.

"आजोबा, आमच्या सेवेला किती गुण द्याल?"

"कुठं खूण केली की तुझा पगार वाढतो, बाळ?"

"माझ्या पगाराचा संबंध नाही, आजोबा. तुम्हाला खरं जे वाटतं ते सांगा."

"मग पाच. खरंच पाच. तू जेवलीस का?"

सगळ्यांचे पाच. ज्या बाईला सुई टोचताना शीर सापडली नव्हती आणि दोन्ही हात काळेनिळे झाले होते, तिचेही पाच. समोर एवढी गोड पोरगी उकिडवी बसून विचारतेय, तिला तोंडावर तीन कसे द्यायचे? आमच्याकडची माणसं भिडेची. पायावर पाय पडला तरी 'माझाच पाय मध्ये आला' म्हणणारी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

निष्कर्ष आला. प्रतीक्षा सरासरी सत्तेचाळीस मिनिटं. समाधान अठ्ठ्याण्णव टक्के. संचालक डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना थंडगार दुधाचा चहा पाजला. आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की सत्तेचाळीस मिनिटांतच काम होतंय तर दोन खिडक्या कशाला? वॉर्डात नर्सेस कमी आहेत. एक तारखेपासून खिडकी नंबर दोन बंद. दुसऱ्या दिवशी काचेवर नोटीस लागली.

खरं सांगते, मला दुःख झालं नाही. मला लसीकरणाची खोली मिळणार होती. तिथे पंखा आहे, बाळं रडतात पण वाद घालत नाहीत.

नोटीस लागली त्या सकाळी चम्नियन माझ्या खिडकीची काच पुसायला आली. पुसली. पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा फडकं उचललं तेव्हा मी म्हटलं, "पा, काच झिजेल."

"सुरांग, सोमवारचं काय होणार गं?"

सोमवार म्हणजे साखरेवाल्यांचा दिवस. उपाशीपोटी रक्त द्यायला सत्तर-ऐंशी माणसं.

"एका खिडकीवर होईल की. उशीर लागेल थोडा."

"मे-उय खामपुनची गाडी एक वाजता सुटते."

मे-उय म्हणजे आमच्या बाजूची आजी. खामपुन आजी चम्नियनच्या माहेरच्या डोंगरी गावची, वय अठ्ठ्याहत्तर. त्या गावाहून दिवसाला एकच सोंगथेव, मागे दोन बाकं टाकलेली गाडी. साडेसहाला इथे पोचते, एकला परत निघते. गावातली अकरा म्हातारी माणसं त्या गाडीने येत. ती पोचेपर्यंत बाजारपेठेतल्या लोकांच्या चपलांनी पाण्याची टाकी गाठलेली असे, त्यामुळे डोंगरवाल्यांचा नंबर कायम शेवटी. दोन खिडक्या होत्या तर त्यांना नऊच्या सुमाराला कागद मिळायचा आणि रक्त, डॉक्टर, औषधं उरकून एकची गाडी जेमतेम गाठता यायची. एका खिडकीवर कागदच मिळाला असता अकराला. मग गाडी गेली आणि म्हातारी व्हरांड्यात.

"आणि गाडी चुकायला लागली की ती यायचीच बंद होईल," चम्नियन म्हणाली. "मला माहितीय तिचं. म्हणेल, जाऊ दे, माझ्यापायी कोणाला त्रास नको. पायाची जखम आत्ता कुठे भरतेय."

"मग संचालकांना सांग."

"मी? मी झाडूवाली. एकतीस वर्षांत मीटिंगच्या खोलीत गेले ती फरशी पुसायला. तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणतील, खिडकी सोडायची नाही म्हणून सांगते." हे मी फार पटकन म्हटलं. पंखा डोळ्यासमोर होता.

चम्नियनने माझ्याकडे बघितलं आणि काच चौथ्यांदा पुसली. मला लाज वाटली. पण तोंड उघडण्याइतकी नाही, हेही कबूल करते.

पुढच्या सोमवारी मी आले तर व्हरांड्यात काहीतरी वेगळंच. प्रत्येक चपलेच्या बाजूला, सिमेंटवर, खडूने आकडे. ४.५०. ४.५५. ५.०५. चम्नियन कमरेत वाकून नव्या चपलेजवळ वेळ लिहीत होती. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण आकडे ठसठशीत होते.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"भांडणं होऊ नयेत म्हणून."

त्या रांगेत एकतीस वर्षांत भांडण झालेलं नव्हतं.

साडेसहाला डोंगरातली गाडी आली. खामपुन आजीने चपला ठेवल्या, नंबर अठ्ठावन्न. चम्नियनच्या हातात केळीच्या पानाची पुडी दिली, आत आंबवलेली चहाची पानं, दर खेपेला असतात तशी.

"लाच घेतेस होय गं पा?" बाकावरून कोणीतरी चेष्टा केली.

"लाच असती तर हिचा नंबर पहिला असता," चम्नियन म्हणाली आणि खडूने लिहिलं ६.३२.

साडेसातला क्रातै फळी घेऊन आली. स्पर्धेआधी थोडी आकडेवारी राहिली होती. पहिला कागद फाडला गेला तशी तिने सवयीने वेळ लिहिली, ७.३०, आणि मग तिची नजर खाली गेली. ती उकिडवी बसली. पहिल्या चपलेजवळचा आकडा वाचला. मग दुसऱ्या. मग तशीच बेडकासारखी पुढे पुढे सरकत टाकीपर्यंत गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"पा, हे लोक पाच वाजायच्या आधीपासून आहेत?"

"हो बाळा."

"रोज?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

"मी तीन महिने इथे उभी होते. या चपला ओलांडून आत जात होते. मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, खूश आहात का. खूशच आहेत सगळे, डॉक्टर चांगले, नर्सा चांगल्या. घरून किती वाजता निघालात, हे कुठे विचारलंस?"

क्रातै तिथेच, चपलांच्या मध्ये बसून रडली. चम्नियनने तिला फडकं दिलं, मग ते काच पुसायचं आहे हे लक्षात येऊन परत घेतलं आणि आपली बाही पुढे केली. त्या घटकेला माझ्यातला पंखा बंद पडला. मी काचेमागून ओरडले, "रडतेस काय? लिहून घे. दहाला मी हे आकडे पुसायला लावीन."

तिने लिहून घेतलं. आठवडाभर रोज. नवी सरासरी आली तीन तास अकरा मिनिटं.

आता प्रश्न असा की हे संचालकांना सांगायचं कोणी. त्यांच्या कौतुकाचा फलक छापून झाला होता, सत्तेचाळीसचा आकडा ताटाएवढा. वडीलधाऱ्या माणसाला, तेही एवढा चहा पाजलेल्या, तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायचं आमच्या रक्तात नाही. क्रातै दोन दिवस त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी तिने वेगळंच केलं. आत गेली, हात जोडले आणि म्हणाली, "डॉक्टर, माझ्या अभ्यासात एक पेशंट कमी पडतोय. सोमवारी तुम्ही व्हाल का? उपाशीपोटी यायचं."

ते हसले आणि हो म्हणाले. माणूस चांगला होता.

सोमवारी ते सहा वीसला आले. पांढरा कोट नाही, साधा शर्ट. तपकिरी चामड्याचे बूट रांगेत त्रेचाळिसाव्या जागी ठेवताना जरा घुटमळले. चम्नियनने खडूने लिहिलं ६.२० आणि म्हणाली, "डॉक्टर, मोजे काढा. फरशी ओली आहे."

ते बाकावर बसले. दहा मिनिटांनी खामपुन आजी शेजारी येऊन टेकली. तिने त्यांना ओळखलं नाही, कारण पांढऱ्या कोटाखेरीज डॉक्टर तिने कधी पाहिलेला नव्हता.

"पहिल्यांदाच आलास? साखर किती?"

"अजून कळायचीय, आजी."

"घाबरू नको. इथले लोक फार चांगले. फक्त बसायची तयारी पाहिजे." तिने त्यांच्या गोऱ्या, मऊ पायांकडे बघितलं. "पुढच्या वेळी बूट नको आणू. चोरीला गेले तर रांग पण गेली."

साडेसात, आठ, सव्वाआठ. कॉफीशिवाय त्यांचं डोकं धरलं होतं हे मला काचेतून दिसत होतं. आठ चाळीसला ते माझ्यासमोर आले आणि मी कागद फाडून दिला. "पुढे बसा, नाव पुकारतील," मी म्हटलं, इतरांना म्हणते त्याच सुरात. मला कोण समाधान वाटलं. डॉक्टरांच्या खोलीचं दार त्यांच्यासाठी उघडलं तेव्हा नऊ पंचावन्न झाले होते. आत त्यांचाच कनिष्ठ डॉक्टर होता. तो खुर्चीवरून उठला तर हे म्हणाले, "बस, बस. मला चक्कर येतेय."

बाहेर येऊन ते अनवाणीच आपल्या बुटांच्या जागी गेले. खडूचा आकडा अजून होता. तो त्यांनी वाचला. मग चम्नियनला विचारलं, "पा, खिडकी एक झाली तर ती आजी किती वाजता सुटेल?"

एकतीस वर्षांत तिला कोणी कामाचं काही विचारलं असेल तर ते हे. तिने फडकं कमरेला खोचलं आणि सगळं सांगितलं. गाडी, एक वाजता, अकरा माणसं, पायाची जखम. एकदाही अडखळली नाही.

काचेवरची नोटीस त्याच दुपारी निघाली. खिडक्या दोन राहिल्या, वर सोमवारी त्या सहाला उघडायच्या ठरल्या आणि डोंगरातल्या गाडीने येणाऱ्यांसाठी वेगळे कागद. माझी लसीकरणाची खोली गेली आणि पहाटेची ड्युटी आली, हे जाता जाता नोंदवून ठेवते. क्रातैने प्रांताच्या स्पर्धेत खरा आकडा मांडला आणि फॉर्मचा प्रश्नही बदलला. 'किती गुण द्याल' च्या वर आता पहिला प्रश्न होता, 'घरून किती वाजता निघालात?' आणि फॉर्म हातात न देता पेटीत टाकायचा. समाधान अठ्ठ्याण्णववरून एकाहत्तरवर घसरलं. बक्षीस मिळालं नाही. तिच्या फलकावर संशोधकांच्या नावांत दुसरं नाव चम्नियनचं होतं, पुढे हुद्दा: सफाई कर्मचारी. तो फलक तिने घरी नेला आणि तांदळाच्या पिंपामागे उभा केला. का तर भिंतीवर लावला तर लोकांना वाटेल मिरवतेय.

साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली. मागच्या महिन्यात, सोमवारी, मी खडू घेऊन व्हरांड्यात वाकले होते. हल्ली ते काम मीच करते, झाडलोटीच्या नव्या मुलीला माझ्याइतकं ओरडता येत नाही. रांगेच्या टोकाला निळ्या रबरी चपला आल्या. वर बघितलं तर चम्नियन, हातात तपासणीचं कार्ड.

"साखर निघाली गं," ती म्हणाली. भाजीला चाललेय म्हणावं तशी.

मी म्हटलं, "चल आत, पा. तुला कसली रांग."

"एका माणसाला एक जोड," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. मी तिच्या चपलेजवळ ५.४८ लिहिलं. माझे डोळे भरून आले, आकडा नीट आला नाही, परत गिरवला.

सव्वासातला ती मोकळी झाली. फॉर्म भरला, पेटीशी गेली, मग वळून माझ्या खिडकीपाशी आली आणि काचेला लावून मला दाखवला. पाचापैकी चार.

"चार?" मी म्हटलं. "माझ्या तोंडावर?"

"कागद द्यायला सहा मिनिटं जास्त घेतलीस," चम्नियन म्हणाली. "गप्पा मारत होतीस."

तिने फॉर्म पेटीत टाकला, चपला पायात घातल्या आणि जाण्याआधी वाकून ५.४८ स्वतःच्या रुमालाने पुसून टाकलं.