तळ फोडलेली विहीर

हौसा कधी वाघाला भ्याली नाही, की सासूला भ्याली नाही. ती भ्याली एका विहिरीला, आणि तीही जिचं पाणी ती रोज प्यायची त्या वाडीच्याच विहिरीला.

रत्नागिरीपासून आत, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या पायथ्याला जांभ्या दगडात खोदलेली ती विहीर. खाली निळसर चिकणमातीचा थर, त्याच्यावरच सगळं पाणी थोपलेलं. विहीर उपसायला उतरलेल्या माणसाला म्हातारे वरून बजावायचे, तळाला पहार लावू नको रे बाबा, पाणी निघून जाईल.

एकोणीसशे तीसच्या आसपास मुंबईचा एक कंत्राटदार तिथं उगवला. सड्याखाली काळा थर आहे, कोळसा आहे, म्हणून त्यानं डोंगराच्या कुशीत भुयार खणायला घेतलं. हौसाचा नवरा केरू गिरणी सुटून घरी बसलेला. दाराशी काम आलं म्हटल्यावर तो कशाला सोडतोय? पहिल्याच दिवशी कुदळ घेऊन आत शिरला.

त्याच सुमाराला हौसा बाळंत झाली. खोलीतून बाहेर पडायची सोय नव्हती. विहिरीचं पाणी भर पौषात खाली चाललंय, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक, तिला मात्र कुणी पत्ता लागू दिला नाही. बाळंतिणीला भ्या घालू नये म्हणे! काय एकेक शहाणपण असतं माणसांचं.

बाळंतिणीनं विहीर पुजायच्या दिवशी सासू तिला पोरासकट घेऊन गेली. हौसानं हळदकुंकू वाहिलं आणि वाकून पाहिलं. हाताला लागायचं ते पाणी पार तळाला गेलेलं. तिनं सोडलेली अबोलीची फुलं एका कोपऱ्याकडे सरकली, तिथं गरगर फिरली आणि आत ओढली गेली. त्याच कोपऱ्यातून आवाज येत होता. ठक. ठक.

"आये, आत कोन ठोकतंय?"

सासू गोदानं तोंड फिरवलं. "आपला केरूच तो. लय दिवस ऐकू येतंय."

"आये, पानी त्याच्याच अंगावर चाललंय गो." पोर सासूच्या हातात देऊन हौसा बाळंतपणाच्या ओल्या अंगानं धावत सुटली.

भुयाराच्या तोंडाशी माणसं पेज पीत बसली होती. केरू त्यांच्यात नव्हता. एक टेकू लावायचा राहिला म्हणून तो आतच थांबलाय, असं मुकादम काशीराम सांगत होता, तेवढ्यात डोंगराच्या पोटात काहीतरी धप्पकन बसलं. काळं पाणी फसफसत बाहेर आलं, त्यामागून चिखल आला आणि भुयार बुजून गेलं. माणसं फावडी घेऊन धावली, पण जेवढा चिखल काढावा तेवढा पुन्हा घसरून येई. काशीराम म्हणाला, साहेबाला निरोप धाडतो, उद्यापर्यंत माणसं येतील.

उद्यापर्यंत कोण जगतंय? हौसा तशीच विहिरीकडे पळाली. विहीर कोरडी ठाक पडली होती, आणि तिच्या तळातून ठक आवाज आला. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. केरू जिवंत होता.

सगळी वाडी काठावर जमली, पण खाली कुणी उतरेना. कोपऱ्यातलं भोक माती ठोकून बुजवलं तर पावसाळ्यात विहीर पुन्हा भरली असती. केरूला काढायला तळ फोडला की कायमची गेली. हौसा एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तुम्हाला पाणी हवं की माझा केरू, हे विचारायचा तिला धीर होईना. काय उत्तर येईल त्याचीच भीती. शेवटी पदर खोचून तीच पहार घेऊन पायऱ्या उतरली आणि तिनं तळावर पहिला घाव घातला.

मागून वाडीचा प्रमुख, गावकर भागोजी उतरला. त्यानं तिचं मनगट धरलं. हौसाला वाटलं, झालं, आता हा अडवणार.

"बाय, तू वर जा," तो म्हणाला. "पाप आमी वाटून घेतो." आणि पहार त्यानं हाणली.

तिन्हीसांजेला केरूला वर काढलं, नाकापर्यंत काळ्या चिखलानं माखलेला. तो जगला.

विहीर नाही जगली. पुढच्या पावसाळ्यात पाणी वरून आलं तसं खालून गेलं आणि भुयाराच्या तोंडातून तांबूस, घाण वासाचं होऊन बाहेर पडलं. गुरंसुद्धा त्याला तोंड लावीनात. कंत्राटदारानं गाशा गुंडाळला. बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. वाडीतल्या चिमाची पोफळीची, सुपारीची बाग उभी वाळली, आणि चिमाच्या जिभेला तर सगळी वाडी टरकून असे.

तरी हौसाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्यानं तिची भीती आणखीच वाढली. कधीतरी कुणीतरी बोलणारच, म्हणून ती झऱ्यावर सगळ्यांच्या मागे उभी राही, नजर खाली.

एका वैशाखात झरा करंगळीएवढा झाला होता. पुढे चिमा, मागे हौसा, आणखी कुणी नाही. चिमा वळली. हौसानं कळशी पोटाशी धरली.

"तुझा घोव, केरू, हाय ना घरात?" चिमानं विचारलं.

"हाय."

"मग भर पानी," असं म्हणून चिमानं आपली अर्धीच भरलेली कळशी झऱ्याखालून बाजूला घेतली.