सलोमीबाईंचे उघड्यावरचे रविवार

बातमी आली तेव्हा मी गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन होता. "सलोमीबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या," एवढंच ते म्हणाले. हातातली ओली चादर तशीच धरून मी उभी राहिले. शेजारच्या टाकीवर एक साळुंकी मान वाकडी करून गळणाऱ्या नळाचा थेंब पीत होती... आणि मनात पहिलं आलं ते हे, की ही साळुंकी आता सांगायची कुणाला?

काही आठवडे उलटलेत त्याला. अजून सगळं धुक्यातल्यासारखं वाटतं.

सलोमीबाई मूळच्या कन्नड तालुक्याकडच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवून त्या शहरात राहायला आल्या आणि आमच्या चर्चमधला तरुणांचा वर्ग त्यांच्या गळ्यात पडला. आम्ही सगळे तेव्हा आठवी ते दहावीतले. उपासना संपली की मागच्या खोलीत कोंबलेले, जांभया देणारे. पहिल्याच रविवारी बाईंनी आम्हाला खुर्च्यांवरून उठवलं. "बायबल पिशवीत ठेवा, चपला घाला, चला." एसटीनं आम्ही फुलंब्रीच्या पुढं उतरलो आणि शेताच्या बांधावर जाऊन बसलो. बसलो, आणि काहीच नाही. बाई बोलेचनात. अखेर कुणीतरी विचारलं, "बाई, प्रार्थना कधी करायची?"

"सुरू झालीय की," त्या म्हणाल्या. "कुणाच्या घरी जेवलात तर 'भाजी छान झालीय' म्हणता ना? मग देवाच्या घरात एवढं मांडून ठेवलंय, ते बघून मुक्यानं निघून जायचं व्हय? नीट बघा. आवडलं तर त्याला सांगा. आपली भक्ती तिथनं सुरू होते."

मग आम्ही बघू लागलो. आधी हसत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. हळूहळू खरंच. ज्वारीच्या पानावरची दवाची ओळ, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं ऊन, नांगरटीमागून चालणारे पांढरे बगळे. बाई मध्येच मान वर करून, समोर कुणी बसलंय अशा आवाजात म्हणायच्या, "लई सुरेख केलंय हां, देवा." परतताना एखादं स्तोत्र वाचायच्या. तेच शब्द चर्चच्या भिंतींत कितीदा ऐकलेले असत, पण तिथं वाऱ्यात ते आत्ताच कुणीतरी लिहिल्यासारखे वाटायचे.

मंडळीत कुजबुज झालीच. वडीलमंडळींतले शांतवनकाका एका रविवारी सरळ म्हणाले, "बाई, उद्या ही पोरं झाडांना हात जोडायला लागतील. वर्ग बंद करा." आम्ही घाबरून बाईंकडे पाहिलं. वर्ग खरंच बंद होईल असं वाटत होतं.

"झाडाला नाय जोडणार, काका," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्यानं झाड केलं त्याला जोडतील. पण त्यासाठी झाडापाशी घटकाभर थांबावं तर लागतं ना? तुम्हीच या एकदा."

आणि काका आले. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबत होते. काका बाजूला फटकून बसले. एक नर पिवळं डोकं हलवत गवताची पाती आणायचा, चोचीनं ओवायचा, लोंबकळून ओढून बघायचा, पुन्हा उडायचा. काका उभा जन्म सुतारकाम केलेले. ते पुढं सरकले, आणखी पुढं... कधी टोपी काढून मांडीवर ठेवली त्यांनाही कळलं नसावं. पुढच्या उपासनेत त्यांनी प्रार्थना केली. त्यांच्या प्रार्थना म्हणजे लांबलचक असायच्या. त्या दिवशी ते इतकंच म्हणाले, "प्रभू, तुझं काम लई बारीक आहे. आमेन." वर्ग चालू राहिला.

त्याच वर्षी माझी आई गेली. मी गाणं सोडलं, प्रार्थनेत डोळे मिटणं सोडलं. वर्गाला जायची ती केवळ घरात बसवत नव्हतं म्हणून. ऐन उन्हाळ्यात बाईंनी आम्हाला गिरजा नदीच्या कोरड्या पात्रात नेलं. मी म्हणाले, "बाई, मला काही सुरेख दिसत नाही."

"नको दिसू दे. रागावलीस त्याच्यावर?"

"हो."

"मग तसं सांग. त्याला चालतं. आणि हात रिकामे नको ठेवू, इथं वाळू उकर."

मी रागानं उकरत सुटले. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना गार लागलं. तळाशी पाणी झिरपू लागलं. आधी गढूळ, मग निवळत गेलेलं. बाकीची पोरं भोवती जमली. कुठून तरी दोन मधमाश्या आल्या आणि ओल्या काठावर बसल्या. मी तिथंच रडले, आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

पुढं काचबिंदूनं बाईंची नजर गेली. ज्यांनी आम्हाला बघायला शिकवलं त्यांचेच डोळे! मी तेव्हा नोकरीला लागले होते. त्यांना फिरायला नेऊ लागले. त्या माझा डावा कोपर धरून चालायच्या आणि मला छळायच्या. "हिरवं म्हणजे कसलं हिरवं गं? कोवळ्या चिंचेचं की तुरीच्या शेंगेचं?" मी अडखळायची, पुन्हा नीट बघायची, सांगायची. मग त्या समाधानानं मान हलवायच्या. एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला राग नाही आला त्याचा?"

"लई भांडले. दिवसच्या दिवस बोलले नाय त्याच्याशी. मग एकदा सकाळी खिडकीत बुलबुल बोलला... आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, सुरेख केलंय हां. राग तसाच होता. पण बोलणं सुरू झालं."

त्या गेल्यावर तरुणांचा वर्ग पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिला. गेल्या रविवारी मी मुलांना कन्नडच्या घाटाकडे घेऊन गेले. पळस फुलला होता, उतारभर. मी एका दगडावर बसले. मुलंही बसली. कुणी तरी फोन काढला, परत ठेवला. वाऱ्यानं फुलं टपटप पडत होती. बऱ्याच वेळानं तबिथा नावाची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, खाली बघत पुटपुटली, "देवा, एवढा केशरी कशाला केलास... पण छान आहे." कुणी हसलं नाही.

उतरताना पायाखाली मुरूम निसटत होता. चालता चालता लक्षात आलं, की माझा डावा हात कोपरात वाकलेला आहे, अंगापासून जरासा दूर, कुणाला तरी धरता यावं असा. अशी किती वर्षं चालत आले असेन, कोण जाणे. मी तो खाली घेणार, तेवढ्यात मागून घसरत आलेल्या तबिथानं तो घट्ट धरला.

"सॉरी, ताई."

"असू दे," मी म्हटलं. "धर तसाच. आणि सांग, केशरी म्हणजे कसला केशरी?"