दे इकडे

धान कापणी सुरू झाली की आमच्या रुग्णालयात डाव्या हाताची बोटं येऊ लागतात. डाव्या मुठीत धान धरायचं, उजव्या हातातला विळा ओढायचा. नजर जरा हलली की करंगळी कापलीच. टाके शिकवायला याहून सोपी जखम नाही. त्या वर्षी इंटर्नना शिकवायचं काम पहिल्यांदाच माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि मी स्वतःला फार चांगला शिक्षक समजत होतो.

माझी पद्धत ठरलेली. इंटर्नने सुई धरायची, दोन टाके घालायचे. तिसऱ्याला हात अडला की "दे इकडे" म्हणून मी सुई घ्यायचो आणि जखम झटपट बंद करायचो. बाहेर रांग असायची. पेशंट खूश, मीही खूश. साताऱ्याकडची एक मुलगी होती. तिच्या हातून मी इतक्या वेळा सुई घेतली की नंतर तीच आपणहून पुढे करायची. मला तो नम्रपणा वाटला.

मग तिची पाळी मध्य प्रदेशच्या सीमेकडच्या एका आरोग्य केंद्रात लागली. आठवडाभरात तिथून एक बाई माझ्यापुढे येऊन बसली. करंगळीवर नेटकी पट्टी, हातात त्या मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी: टाके घालण्यासाठी पाठवत आहे. पट्टी सोडली. चार टाक्यांचं काम होतं.

"एवढ्यासाठी इथवर कायले आल्या?"

"मले काय हौस हाये? मॅडमनं पाठवलं. आजची कापणी बुडाली ना माही."

मी तडकलो. टाके घालून झाल्यावर त्या मुलीला फोन लावला आणि चार टाकेसुद्धा जमत नाहीत का, असं बरंच काही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, सुरुवात करता येते मला," ती म्हणाली. "जखम शेवटपर्यंत मी कधी शिवलीच नाही."

मला लाज वाटली, पण ते तिला सांगितलं नाही. रविवारी इकडे ये, एवढंच म्हणालो.

ती आली. त्या दिवशी मोहाडीकडचे एक काका होते, बोट तसंच कापलेलं. तिसऱ्या टाक्याला तिचा हात थांबला आणि सवयीने तिने सुई माझ्याकडे केली. मी हातमोजेच घातले नव्हते. तिने ते पाहिलं आणि सुई परत जखमेकडे वळवली. वेळ बराच लागला. चौथा टाका जरा वाकडा बसला.

काकांनी मान वर करून मला विचारलं, "झालं का, डॉक्टरसाहेब?"

"मॅडमले विचारा," मी म्हणालो.