कुंपणावरचं शेवाळ

दरवर्षीप्रमाणे गणपतीआधी कुंपणाची भिंत घासायला निघालो, तर एक अनोळखी बाई भिंतीला नाक लावून उभी. डोळ्याशी भिंग, हातात चाकू. चिमूटभर शेवाळ खरवडून तिनं अंगाऱ्यासारखं कागदाच्या पुडीत बांधलं.

"काय चाललंय?"

"या भागात कुठलं कुठलं शेवाळ उगवतं, त्याची नोंद करतेय, काका."

माझा विश्वास बसेना. शेवाळासाठी कोण एवढा घाट चढून येतं? मागे झाडं मोजायला माणसं आली होती, तीही अशीच गोड बोलणारी. त्यांनी खोडांवर लाल आकडे टाकले, आणि वर्षभरात झाडं जाऊन रस्ता रुंद झाला. तेव्हापासून आमचं काही कुणी मोजायला लागलं की मी आधी जाब विचारतो. मोजणं आणि नेणं यांत फारसं अंतर नसतं, असंच वाटतं.

"इथं काय होणार आहे? खरं सांगा," मी दरडावलं.

भिंग खाली करून ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्याइतक्याच संशयानं. मग तिची नजर माझ्या हातातल्या तारेच्या ब्रशवर गेली.

"ही भिंत आजच घासणार?" तिनं विचारलं, आणि घाईघाईनं दुसरी पुडी उघडली.