एकच ओळ उरली होती

माझी सून दवाखान्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं जुनं लिखाण आणि नवं लिखाण शेजारी शेजारी ठेवून तपासते. पडद्यावर काढलेली ओळ लाल दिसते, घातलेली हिरवी. एवढं मला चौथी नापास बाईलाही कळलं. तिची नजर अशी बसलीय, की मी कपाटातला डबा इकडचा तिकडे केला तरी बया ओळखते.

हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत माझा मुलगा होता. दोघांची ओळख तिथलीच. तो लिहायचा, ही चुका काढायची. लग्नानंतरही तेच चाललं, घरातसुद्धा. दोन वर्षांमागे साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

तिथं प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव असतं. नवी माणसं आली, नवं लिहीत गेली, आणि त्याच्या ओळी लाल होत होत एकच उरली. सत्तरीपुढच्यांचा नंबर आधी लागावा, अशी ती ओळ. रांगेत उभं राहून माझे पाय सुजले होते, तेव्हा लिहिलेली.

गेल्या महिन्यात तीही लाल झाली. तेच काम नव्यांनी दुसरीकडे लिहिलं होतं. सुनेला ते दिसत होतं. तरी तिनं ती परत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा न तपासता काम पुढे पाठवलं. दवाखान्यात म्हाताऱ्यांचे नंबर दोनदा पुढे सरकले. एक पोटुशी बाई सकाळपासून दुपार होईस्तोवर बाकावर बसून राहिली.

तिचा साहेब भला माणूस. ओरडला नाही, दुसऱ्या कोणाला काढायला सांगतो म्हणाला. ही म्हणाली, नको, मीच काढते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिनं मला शेजारी बसवलं.

"आई, ही त्याची ओळ. बघून घ्या."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तरी डोळे भरून बघितली.

"काढ गं. तो असता तर त्यानंच काढली असती. वर तुला चार शब्द ऐकवले असते."

ती हसली. बटण दाबलं. ओळ गेली.

काम संपलं होतं, पण ती उठेना. पडद्यावर बोट ठेवून खाली खाली सरकत एकेक नाव वाचत राहिली. काय शोधतेस, म्हटलं.

"एखादी चुकून राहिली असेल, आई."